वैतरणेवरची जनरल शिफ्ट

वाक्य अगदी साधं होतं. हिमानी मैत्रिणींबरोबर गोव्याला जाऊन आली, तिथे समुद्रात कयाक नावाची ती निमुळती होडी वल्हवून आली, आणि जेवताना मोबाईलमधले फोटो दाखवता दाखवता म्हणाली, "बाबा, तुम्ही पण यायला हवं होतं." असं वाक्य कानावर पडलं की शहाण्या माणसाने "हो ना" म्हणून आमटी वाढून घ्यायची असते. एकनाथराव संखे यांनी ते मनावर घेतलं. पंधरा दिवसांनी बोईसरमधल्या त्यांच्या सोसायटीच्या दारात एका टेम्पोतून साडेसतरा फूट लांबीची पिवळी होडी उतरली. केळव्याच्या बाजूचा कुठलासा रिसॉर्ट बंद पडला होता, त्यांनी ती काढून टाकली होती आणि एकनाथरावांनी उचलली होती.

आता मनावर का घेतलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना खुळे समजाल. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई समजतच होत्या, पण त्यांचा अनुभव तेहतीस वर्षांचा आहे. एकनाथरावांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिफ्ट केली. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाईट, आणि पुन्हा पहिल्यापासून. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, शाळेची रविवारी. हिमानी शाळेला निघायची तेव्हा बाप नाईट संपवून बसमधून उतरत असायचा. बाप सेकंडला निघायचा तेव्हा मुलगी अजून शाळेच्या रिक्षात असायची. मेमध्ये ते रिटायर झाले. आता म्हटलं वेळच वेळ, तर हिमानीला जर्मनीत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आणि डिसेंबरातल्या एका मंगळवारचं तिकीट आलं. एकनाथरावांनी एका दुपारी जुन्या शिफ्टच्या डायऱ्या काढून हिशेब मांडला. चोवीस वर्षांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलीबरोबर जागेपणी काढलेला एकही दिवस त्यांना सापडेना. लग्नकार्यं वगळून, कारण लग्नकार्यात कोणी कोणाबरोबर नसतं.

त्यांना तसा एक दिवस हवा होता. नऊला सुरू, पाचला संपला. उभ्या जन्मात जी जनरल शिफ्ट साहेब लोकांनाच मिळाली, ती एकदा स्वतःच्या मुलीबरोबर करायची होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना त्यांनी "व्यायाम" असं सांगितलं.

पण होडी घेणं सोपं, ठेवणं कठीण. सोसायटीचे सेक्रेटरी प्रफुल्ल तळमजल्यावरच राहतात आणि त्यांना नियमावली तोंडपाठ आहे. ते बनियनवरच बाहेर आले आणि होडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "संखेसाहेब, हे पार्किंगमध्ये नाही ठेवता येणार. नियमात दुचाकी आहे, चारचाकी आहे. ह्याला चाकं किती?"

"एकही नाही."

"मग हे वाहनच नाही. आणि वाहन नाही म्हणजे अडगळ. अडगळ गच्चीवर."

गच्ची चौथ्या मजल्याच्या वर. साडेसतरा फुटी होडी जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडली आणि तिथे तिने अर्धा तास सगळ्या बिऱ्हाडांचं येणंजाणं बंद केलं. तेवढ्यात प्रत्येक मजल्यावरून सल्ले आले. कोणी म्हणालं उभी करा, कोणी म्हणालं तिरकी करा, एकाने मधोमध कापून वर जोडायची सूचना केली आणि तो इसम पेशाने फॅब्रिकेटर असल्यामुळे ती त्याने गंभीरपणे केली होती. शेवटी बाहेरून दोरांनी वर ओढायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. खिडकीतून एक पिवळं टोक हळूच आत आलं, ओट्यावरचा तेलाचा बुधला त्याने पाडला आणि तसंच बाहेर गेलं. हंसाबेन लाटणं हातात घेऊन खिडकीशी आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "एकनाथभाई, छोकरी परदेश जाते ना, तर तिला खाकरे द्यायचे. होडी कशाला देता?"

गच्चीवर एकनाथरावांनी सराव सुरू केला. संध्याकाळी पाच ते सहा, सोलरच्या पत्र्यांमध्ये होडी ठेवून, तिच्यात बसून, लाइफ जॅकेट घालून ते हवेत वल्हं मारत. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ त्यांनी वहीत उतरवून घेतले होते. माणूस कारखान्यात असताना सूचना वाचल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नसे. वाळलेले कपडे काढायला आलेल्या बायका कडेला उभ्या राहून बघत. प्रफुल्ल एकदा चहाचा कप घेऊन वर आले, जरा वेळ निरखून म्हणाले, "साहेब, तुमचा डावा हात जास्त चालतो. असेच जात राहिलात तर टाकीवर आदळाल." एकनाथरावांना राग आला, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उजव्या हाताचा जोर वाढवला.

मग परवानगी. कायद्याने ती लागते की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलं की एकनाथराव अर्ज करतात. ते कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयात गेले. इमारत ऐसपैस, जिने चकचकीत, आणि चौथ्या टेबलावर त्यांना एक फार सज्जन गृहस्थ भेटले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मासेमारी करणार?"

"नाही."

"प्रवासी वाहतूक?"

"नाही. मी आणि मुलगी."

"रेती काढणार?"

"छे हो."

गृहस्थांनी चष्मा काढला. "मग नदीत उतरता कशाला?"

ह्याचं उत्तर एकनाथरावांना देता आलं असतं. पण परक्या माणसाच्या टेबलापुढे, मागे तीन जण फायली घेऊन उभे असताना, कोणी असलं काही बोलत नाही. ते म्हणाले, "व्यायाम." गृहस्थांनी मान हलवली आणि समजूत घातली की, तुम्हाला परवानगी देणारं टेबल आमच्याकडे नाही, पण नाकारणारंही नाही, तेव्हा अर्ज ठेवून जा, मी पोच देतो. ती शिक्का मारलेली पोच एकनाथरावांनी बोईसर स्टेशनसमोर लॅमिनेट करून घेतली.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे जागेची पाहणी. सफाळ्याच्या बाजूला वैतरणेच्या काठी त्यांनी एक उतरायची जागा शोधली होती. "वैतरणा" हे नाव ऐकून दमयंतीबाईंनी फक्त "माणूस ती शेवटी एकदा पार करतो, तुम्ही आत्ताच निघालात" एवढंच म्हटलं आणि भाजी निवडत राहिल्या. गुरुवारी ते पाहणीला गेले. आणि काय सांगू, नदी बघून त्यांचा जीव गार झाला. थंडीचं कोवळं ऊन, पलीकडच्या काठाला तिवरांची हिरवी भिंत, त्यामागे ताडाची झाडं, त्याच्याही मागे निळसर डोंगर, आणि पाणी काठोकाठ, हलत नव्हतं. एकनाथरावांनी घड्याळ बघितलं. साडेदहा. वहीत नोंद केली. संध्याकाळपर्यंत ते तिथेच झाडाखाली बसले आणि पाणी साडेचारला तळाला गेलं हेही लिहून घेतलं. म्हणजे सहा तास उतार, सहा तास चढ. घरी येऊन त्यांनी लाल-निळ्या पेनाने तक्ता केला. साडेदहा ते साडेचार ओहोटी, साडेचार ते साडेदहा भरती, आणि पुन्हा तेच. चार शिफ्ट, वेळेवर बदली. इतकं नेटकं काम निसर्गात बघून त्यांना समाधान वाटलं. एकतीस वर्षं ज्याच्या आयुष्यात सकाळची सातची शिफ्ट सातलाच लागली, पावसात, पुरात आणि दिवाळीतही सातलाच, त्याला पाणी उद्या उशिरा कामावर येईल अशी शंका कशाला येईल? बेटेगावातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. समुद्र त्यांनी आयुष्यभर आठ किलोमीटरवरून आणि वर्षातून एकदा चिंचणीला, भेळ खाताना बघितला होता.

त्या गुरुवारनंतर दहा दिवसांनी, रविवारी, पहाटे होडी दोरांनी खाली आली. हंसाबेननी या वेळी खिडकी आधीच लावून घेतली होती. टेम्पोवाल्याने मागे दहा फूट बाहेर आलेलं शेपूट बघितलं, त्याला लाल फडकं बांधलं आणि विचारलं, "साहब, शूटिंग है क्या?" दमयंतीबाईंनी उकडहंडीच्या भाजीचा मोठा डबा, तांदळाच्या भाकऱ्या, थर्मास, ओव्याचं पाणी आणि सुका टॉवेल दिला. त्या स्वतः येणार नव्हत्या. "होडीत दोनच जागा आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती का आणखी काही, हे एकनाथरावांना नीट कळलं नाही.

साडेनऊला ते काठावर पोचले. पाणी गुरुवारी होतं त्यापेक्षा बरंच खाली होतं, पण एकनाथराव म्हणाले, अजून तासभर आहे, भरतंय. काठावर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. काशीबाई, जवळच्या पाड्यावरची, खाडीच्या चिखलातले खेकडे आणि शिंपल्या काढणारी. तिने पिवळी होडी बघितली, लाइफ जॅकेट बघितलं, एकनाथरावांच्या डोक्यावरचं हेल्मेट बघितलं.

"आता निंगताव?" तिने विचारलं.

"हो. साडेदहाला पूर्ण भरती," एकनाथराव गळ्यातला लॅमिनेट केलेला तक्ता उचलून म्हणाले.

काशीबाईने पाण्याकडे बघितलं. मग तक्त्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि टोपलीतला कोयता काढून पुसायला लागली.

सुरुवात झकास झाली. हिमानी पुढे, एकनाथराव मागे, आणि होडी अशी सुटली की त्यांनाच नवल वाटलं. वल्हं नुसतं पाण्याला लावावं आणि झाडं मागे पळावीत. गच्चीवरचा सराव कामाला आला, असं ते मुलीला दोनदा म्हणाले. आपल्याला नदी स्वतःच समुद्राकडे ओढून नेते आहे हे त्यांच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. फुकट मिळालेल्या वेगावर कोण शंका घेतं? एक खंड्या निळा चमकून गेला. लांब पुलावरून एक मालगाडी गेली आणि हिमानीने तिचे डबे मोजले, अठ्ठावन्न. नदीत मध्येच एक बेट होतं, त्याच्या पलीकडची अरुंद वाट एकनाथरावांना जास्त सुंदर वाटली, म्हणून ते तिकडून वळले.

"बाबा, बगळा उभा आहे," हिमानी म्हणाली.

"बगळे उभेच असतात."

"पाण्याच्या मधोमध? त्याचे गुडघे दिसताहेत."

एकनाथरावांनी ह्या मुद्द्याचा विचार पूर्ण करायच्या आत होडीच्या पोटाखालून खसखस असा आवाज आला आणि ती थांबली. वल्हं टेकवलं तर ते चिखलात हातभर गेलं. ते मागे रेटले, पुढे रेटले, जागच्या जागी हलले. मग "मी उतरून ढकलतो" असं म्हणून त्यांनी उजवा पाय बाहेर टाकला. तो मांडीपर्यंत गेला. वर आला तेव्हा त्याच्याबरोबर बूट नव्हता. हिमानीने त्यांना काखेत हात घालून आत ओढलं, आणि त्या धडपडीत तक्ता गळ्यातून सुटून चिखलावर पडला. शाई लॅमिनेशनच्या आत सुरक्षित होती, साडेदहाला भरती. तेव्हा बरोबर साडेदहा वाजले होते. अर्ध्या तासात त्यांच्या चारही बाजूंनी पाणी निघून गेलं आणि वैतरणा नदीत कोरड्यावर बसलेली दोन माणसं, हेल्मेट घालून, अशी स्थिती झाली.

काशीबाई साधारण अकराला आली. चिखलावरून चालत. कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही, हे तिला न बघता कळत होतं आणि घोट्याच्या वर तिचा पाय कुठेच गेला नाही. होडीशी येऊन तिने टोपली ठेवली.

"बसलाव?"

"मावशी, पाणी कुठे गेलं?" हिमानीने विचारलं.

"जाल कुठं. आज अष्टमी हाय ना. भांगाचं पानी, भरतंच केवडं? सकाली सहाला भरलं आनी उतराय लागलं. आता तीनच्या सुमारास होडी उचलंल इतकं येल."

"पण मी स्वतः बघितलं होतं," एकनाथराव म्हणाले. "गुरुवारी साडेदहाला भरली होती."

"ते उधानाचं होतं, अवसेच्या आदी. भाऊ, पानी रोज दोन घटका, म्हंजे पाऊन तास, मागं सरतं. ते काय तुमच्या कंपनीन कामाला नाय."

एकनाथराव जरा दुखावून म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं तर तिथेच सांगायचं होतं."

"सांगनार होते. पन तुमचे गल्यान कागद होता," काशीबाई म्हणाली. "मना वाटलं, सरकारी मानूस हाय, काय तरी येगलं काम असंल." आणि ती आपल्या खेकड्यांच्या मागे लागली. बिळात हात घालायचा, आत चाचपायचं आणि खेकडा बाहेर. एकनाथराव ते बघत बसले. हिच्याकडे ना वही होती, ना पेन.

दमयंतीबाईंचा फोन आला. "परत निघालात का?"

"नाही, जरा थांबलोय."

"कुठे?"

"नदीत."

"बरं," दमयंतीबाई म्हणाल्या, "डबा खाऊन घ्या."

आता खरं म्हणजे हे चांगलंच झालं होतं. एकनाथरावांना मुलीबरोबर अख्खा दिवस हवा होता, तो मिळाला होता. पळून जायला वाट नव्हती, दार नव्हतं, कोणी येणारं नव्हतं. समोर हिमानी उलटी वळून त्यांच्याकडे तोंड करून बसली होती. फक्त बोलायचं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "पासपोर्ट हँडबॅगेत ठेवलास ना?" ती "हो" म्हणाली. "आणि त्याच्या झेरॉक्स?" "दोन." "तिकडचं हवामान?" "उणे पाच." "स्वेटर?" "आहेत, बाबा." मग त्यांनी विमा विचारला, मग सिमकार्ड, मग पुन्हा पासपोर्ट. दहा मिनिटांत सगळं संपलं. एवढ्या वर्षांत मुलीला विचारायचं साठत गेलं असेल असं त्यांना वाटायचं, आणि शोधायला गेले तर आत नुसत्या सूचनाच सापडत होत्या. हे त्यांना फार लागलं. चिखलात रुतल्याचं काही नाही, त्यात कोणीही रुतेल. पण स्वतःच्या मुलीपुढे बसून काय बोलावं ते सुचू नये, म्हणजे काय.

बाजूला चिखलावर बोटाएवढे निवटे मासे टुणटुण उड्या मारत होते. हिमानी त्यांच्याकडे बघत होती. मग तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे नेमकं करायचात काय? कंपनीत. मला कधी कळलंच नाही."

एकनाथराव खुलले. त्यांनी तिला रिअॅक्टर समजावला. उकडहंडीच्या डब्याला रिअॅक्टर केलं, थर्मासला कूलिंग लाइन केलं आणि नव्वद डिग्रीच्या वर तापमान गेलं की काय होतं ते सांगितलं. एकदा रात्री तीनला पंप बंद पडला होता आणि ते व दुसरा एक ऑपरेटर, दोघांनी दीड तास हाताने व्हॉल्व्ह धरून ठेवला होता, तेही सांगितलं. हे त्यांनी दमयंतीबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. हिमानी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती आणि प्रश्न चांगले होते. ऊन अंगावर उबदार येत होतं. वारा पडला होता. बारा वाजायला आले होते, म्हणजे नाईट करून आलेल्या माणसाची गाढ झोपेची वेळ. सहा महिने रिटायर होऊनही शरीराला हे कोणी कळवलं नव्हतं. "आणि मग तो व्हॉल्व्ह," एकनाथराव म्हणाले, "जो होता ना, तो," आणि क्षणभर त्यांनी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर सावली होती. हिमानीने दोन वल्ह्यांवर टॉवेल बांधून त्यांच्या डोक्यावर छप्पर केलं होतं. हेल्मेट काढून त्यांच्या मानेखाली लाइफ जॅकेट सरकवलेलं होतं. होडीच्या एका बाजूला पाण्याची बारीक चमकती रेघ आली होती. काशीबाईची टोपली भरून ती कधीच काठाला लागली होती. एकनाथरावांनी घड्याळ बघितलं.

अडीच.

त्यांनी पुन्हा बघितलं. मग ते उठून बसले, आणि माणूस कारखान्यातला कितीही कडक असला तरी काही गोष्टी त्याच्याच्याने आवरत नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "अडीच तास," ते म्हणाले. "हिमानी, मी अडीच तास झोपलो. तू मला उठवलं का नाहीस?"

"कशाला उठवायचं?"

"कशाला म्हणजे? अगं, हा एक दिवस होता. मंगळवारी तू चाललीस. एवढी होडी आणली, एवढे लोक हसले, तो हा एकच दिवस तुझ्याबरोबर जागा राहायला केला होता मी. आणि तो पण मी झोपून घालवला." झालं. बोलून गेले. दीड महिना जे कोणाला सांगितलं नव्हतं ते चिखलाच्या मधोमध बाहेर आलं.

हिमानी म्हणाली, "मला वाटलं व्यायाम."

"व्यायाम कसला, डोंबलाचा."

"बाबा, तुम्हाला एक सांगू? तुमची नाईट असली की मी शाळेतून येऊन तुमच्या खोलीतच अभ्यास करायचे. दाराच्या मागे, खाली बसून. आईला पण माहीत नव्हतं, ती ओरडली असती. माझी दहावीची अख्खी भूमिती तुमच्या घोरण्यावर झालीय. पुण्याला हॉस्टेलवर गेले तेव्हा पहिले सहा महिने माझा अभ्यासच होईना. फार शांत होतं तिथे."

एकनाथरावांनी ह्या सगळ्यातला जो एकच मुद्दा त्यांच्या आवाक्यातला होता तो पकडला. "मी घोरत नाही," ते म्हणाले.

"घोरता."

"तुझी आई उगाच तशी आवई उठवते. मी जोरात श्वास घेतो."

हिमानीने नुसता मोबाईल दाखवला. "वीस मिनिटं रेकॉर्ड केलंय. तिकडे घेऊन जायला."

सव्वातीनला होडी हलली. आधी थोडी डुलली, मग चिखलाने तिला सोडलं आणि पाण्याने धरलं. परतीला भरतीचंच पाणी त्यांना वर नेत होतं. या वेळी एकनाथरावांनी सरावाचा विषय काढला नाही. एका पायात बूट, एका पायात वाळलेला चिखल अशा अवस्थेत ते काठाला उतरले. काशीबाई तिथे खेकड्यांच्या नांग्या बांधत होती. तिने चार मोठे खेकडे पानात गुंडाळून हिमानीच्या हातात दिले आणि एकनाथरावांना म्हणाली, "झाली का झोप?" ते "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रफुल्ल फाटकाशीच उभे होते. त्यांनी पायाकडे बघितलं, होडीवरच्या चिखलाकडे बघितलं, आणि होडी धुतल्याशिवाय गच्चीवर जाणार नाही असा नियम तिथल्या तिथे केला. दमयंतीबाईंनी खेकडे घेतले आणि नवऱ्याला गरम पाणी दिलं.

आंघोळ करून एकनाथराव हिमानीच्या खोलीत गेले. पलंगावर उघडी बॅग, अर्धी भरलेली. "ते लाव बघू," ते म्हणाले. "ऐकू दे माणसाला स्वतःच्या कानांनी. खोटे आरोप नकोत."

तिने लावलं. आता त्याला जोरात श्वास म्हणणं कठीण होतं. स्वयंपाकघरातून दमयंतीबाई म्हणाल्या, "हे आत्ता का झोपलेत?" एकनाथराव ओशाळून बंद कर म्हणणार, एवढ्यात मोबाईलमधून चिखलात पावलं वाजल्याचा आवाज आला आणि काशीबाईचा ठणठणीत आवाज आला, "पोरी, बापाला काय झालं? मेला का काय?"

मग हिमानीचा आवाज, अगदी हळू. "नाही, मावशी. नाईट करून आलेत. झोपू द्या त्यांना."

पुढे पुन्हा घोरणं. बरंच होतं अजून. हिमानीने बंद करायला बोट नेलं तर एकनाथरावांनी तिचा हात धरला. ते तिच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसले, बॅग जरा बाजूला सरकवली, आणि उरलेली सगळी मिनिटं बापलेक दोघं ते ऐकत राहिले. एकनाथराव टक्क जागे होते.